रायगडावरील समाधीचा शोध

एखाद्या राजाची समाधि हरवते म्हणजे नेमकें काय होतें, याचा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. हा प्रश्न मूळचा माझा नाहीं. तो माझ्या एका विद्यार्थिनीनें मला विचारला होता. आणि त्या वेळीं मीं तिला जें उत्तर दिलें तें बरोबर नव्हतें. तेव्हां आजचें भाषण इतिहासाविषयीं आहे खरें, परंतु त्याच्या निमित्तानें एका शिक्षकाला आपली जुनी चूकही दुरुस्त करावयाची आहे.

प्रसंग सुमारें तीस वर्षांपूर्वींचा आहे. सातवीच्या मुलांची सहल घेऊन मी रायगडास गेलों होतों. पायथ्याशीं पाचाडास जिजाबाईंच्या समाधीचें दर्शन घेऊन आम्ही गडाच्या पायऱ्या चढलों. सिंहासनाची जागा पाहिली, बाजारपेठेचीं जोतीं पाहिलीं, आणि जगदीश्वराच्या देवळाच्या पूर्वेस असलेल्या शिवाजीमहाराजांच्या समाधीपुढें मुलें ओळीनें उभीं राहिलीं. मीं त्यांना सांगितलें कीं, ही समाधि एके काळीं विस्मृतींत गेली होती, व मागाहून तिचा शोध लागला. तेव्हां एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, देऊळ इथेंच आणि समाधि देवळाच्या दारांत, मग ती हरवली कशी?"

मी क्षणभर घुटमळलों आणि म्हणालों, "इंग्रजांनीं हरवली." बाकीच्या मुलांना तें पटलेलें दिसलें. ती मुलगी मात्र एकदां देवळाकडे आणि एकदां समाधीकडे पाहत राहिली. तिच्या त्या पाहण्याचा अर्थ मला पुढें कित्येक वर्षांनीं कळला.

ज्यांच्या समाध्या सांपडत नाहींत असे राजे जगांत थोडे नाहींत. मॅसिडोनियाचा अलेक्झांडर, ज्याला आपण शिकंदर म्हणतों, तो इ. स. पूर्वीं ३२३ मध्यें बाबिलोन येथें मरण पावला. त्याचा देह पुढें इजिप्तमध्यें नेऊन त्याच्याच नांवानें वसलेल्या अलेक्झांड्रिया नगरांत ठेवण्यांत आला. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस यानें तेथें जाऊन त्याचें दर्शन घेतलें होतें. इतकी प्रसिद्ध जागा. परंतु चौथ्या शतकाच्या अखेरीस जॉन क्रिसोस्टम नांवाचा ख्रिस्ती धर्मोपदेशक आपल्या प्रवचनांत विचारूं लागला कीं, अलेक्झांडरची कबर कोठें आहे ती मला दाखवा पाहूं. तेव्हांपासून आजवर तिचा शोध चालूच आहे. मंगोलांचा चेंगीझखान १२२७ सालीं वारला. त्याच्या लोकांनीं त्याचें दफनस्थान गुप्त राखलें, आणि तें अजून कोणास सांपडलेलें नाहीं. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ सालीं बॉसवर्थच्या रणांत पडला. लेस्टर शहरांतील एका मठांत त्याला पुरलें. पुढें मठ मोडला, शहर वाढलें, आणि २०१२ सालीं त्याच्या अस्थि सांपडल्या त्या मोटारी उभ्या करण्याच्या एका आवाराखालीं.

या तिन्ही ठिकाणीं कांहींतरी आड आलेलें आहे. कोठें नगरावर नगर चढलें, कोठें मुद्दाम गुप्तता राखली गेली. रायगडची गोष्ट यांपैकीं कोणत्याच प्रकारांत बसत नाहीं. तेथें समाधि कोणीं लपविली नाहीं, आणि तिच्यावर दुसरें शहरही वसलें नाहीं. उघड्या आभाळाखालीं, ओळखीच्या देवळाशेजारीं, दगडी जोतें होतें तेथेंच होतें. आणि तरीही त्याचा "शोध" लावावा लागला. त्या मुलीला खटकलें तें हेंच.

आतां घडलेल्या गोष्टी क्रमानें पाहूं. ६ जून १६७४ रोजीं महाराजांना रायगडावर राज्याभिषेक झाला, आणि ३ एप्रिल १६८० रोजीं, चैत्री पौर्णिमेस, त्यांनीं त्याच गडावर देह ठेवला. त्यांची समाधि जगदीश्वराच्या सान्निध्यांत बांधण्यांत आली. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनीं त्याच देवळाच्या एका पायरीवर आपलें नांव कोरून ठेवलें आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांखालीं आपलें नांव असावें असें ज्या सेवकाला वाटलें, त्याच्या धन्याची समाधि पुढें गवतानें झांकून जावी, हा दैवाचा मोठा विचित्र खेळ म्हटला पाहिजे.

महाराजांच्या पश्चात् अवघ्या नऊ वर्षांत, १६८९ सालीं, रायगड मोंगलांच्या हातीं पडला. येसूबाई व बाल शाहू कैदेंत गेलीं. राजाराममहाराज आधींच जिंजीकडे निघून गेले होते. गड पुढें जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेला, आणि शाहूमहाराजांच्या कारकीर्दींत, १७३० नंतरच्या मोहिमेंत, पुन्हां मराठ्यांकडे आला. म्हणजे सुमारें चाळीस वर्षांहून अधिक काळ राजाची समाधि परक्यांच्या ताब्यांत होती. परंतु गड परत आला तरी राजधानी परत आली नाहीं. छत्रपतींची गादी साताऱ्यास स्थिरावली होती आणि कारभाराचें केंद्र पुण्याकडे सरकलें होतें. रायगड हा राज्याच्या अनेक किल्ल्यांपैकीं एक किल्ला झाला. खजिना ठेवावा, कैदी ठेवावे, अडचणीच्या वेळीं कुटुंबकबिला सुरक्षित ठेवावा, एवढाच त्याचा उपयोग उरला. विस्मृतीची पहिली पायरी ही अशी आपल्याच राज्यांत पडली. शत्रूनें गड घेतला तेव्हां त्याचें महत्त्व कमी झालें नव्हतें. आपल्याला त्याची गरज उरली नाहीं तेव्हां तें कमी झालें.

तथापि गडावर माणसें होतीं. किल्लेदार होता, शिबंदी होती, देवळांत पूजा होती. जेथें माणसांचा राबता असतो तेथें पायवाट मोडत नाहीं.

मग १८१८ साल उजाडलें. कर्नल प्रॉथर याच्या हाताखालील इंग्रजी फौजेनें गडास वेढा घालून तोफा डागल्या. दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणशीबाई त्या वेळीं गडावर होत्या. गडावरील इमारतींना आग लागली, लांकडी काम भस्म झालें, आणि १० मे १८१८ रोजीं गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. साताऱ्यास प्रतापसिंहमहाराजांना गादीवर बसविण्यांत आलें, परंतु कोंकणपट्टी कंपनीनें आपल्याकडे ठेवली. वंशज एका मुलखांत आणि पूर्वजाची समाधि दुसऱ्या मुलखांत, अशी वांटणी झाली. गडावरची शिबंदी उतरली. तिच्याबरोबर गडावरचा नित्याचा व्यवहारही उतरला.

श्रोतेहो, ज्यांनीं कोंकणांतला पावसाळा पाहिला आहे त्यांना पुढचें सांगावयास नकोच. चार महिने धो धो पाऊस पडतो. भाद्रपदांत गवत कमरेइतकें होतें. दगडांच्या सांध्यांत पिंपळाचें रोप धरतें, आणि तें वेळींच उपटलें नाहीं तर पांच-दहा वर्षांत जोतें उलथून टाकतें. आपल्याकडे समाधि टिकते ती दगडाच्या बळावर टिकत नाहीं. पावसाळा संपला कीं विळा घेऊन कोणीतरी तेथें जातो, म्हणून ती टिकते. तो जाणारा गेला नाहीं, एवढेंच १८१८ नंतर घडलें.

या काळांत महाराजांचें नांव विसरलें गेलें होतें असें मात्र नाहीं. पोवाडे गाइले जात होते, बखरी वाचल्या जात होत्या. ग्रँट डफ यानें मराठ्यांचा इतिहास लिहून १८२६ सालीं प्रसिद्ध केला. नांव लोकांच्या ओठांवर होतें. जागेकडे जाणारी वाट मात्र कांट्यांनीं भरली होती. नांव घ्यावयाला कोठें जावें लागत नाहीं. जागा राखावयाची तर तेथें जावें लागतें.

पुढें १८६९ सालीं जोतीराव फुले यांनीं शिवाजीमहाराजांवरील आपला पवाडा प्रसिद्ध केला व त्यांत त्यांना शेतकऱ्यांचा राजा म्हणून गौरविलें. त्यांच्या चरित्रांतून असें सांगितलें जातें कीं, ते रायगडावर गेले, समाधीवरील पालापाचोळा त्यांनीं दूर केला आणि तिच्यावर फुलें वाहिलीं. १८८३ सालीं जेम्स डग्लस या इंग्रज गृहस्थानें मुंबईवरील आपल्या ग्रंथांत रायगडचें वर्णन करितांना समाधीच्या दुर्दशेवर बोट ठेवलें, आणि ज्या राजानें एवढें राज्य उभें केलें त्याच्या स्मारकाची कोणासच पर्वा नाहीं, असा टोला मराठ्यांना हाणला. वसईचे गोविंद बाबाजी जोशी यांनीं स्वतः गड पाहून त्याचें वर्णन लिहिलें. ओरड झाली तेव्हां सरकारनें समाधीच्या देखभालीसाठीं रक्कम मंजूर केली, ती किती? तर वर्षाला ५ रुपये! ही नेमणूक वाचून आपण आज सरकारला हंसतों. परंतु त्याआधीं आपण स्वतः वर्षाला किती खर्च करीत होतों, हा प्रश्नही त्याबरोबर विचारला पाहिजे.

१८९५ सालीं लोकमान्य टिळकांनीं 'केसरी'तून हा विषय हातीं घेतला. ३० मे १८९५ रोजीं पुण्यास हिराबागेंत सभा भरली, समाधीच्या जीर्णोद्धारासाठीं फंड उभारण्याचें ठरलें, आणि १८९६ सालीं रायगडावर उत्सव झाला. दुसऱ्याच वर्षीं पुण्याच्या शिवाजी उत्सवासंबंधीं 'केसरी'त आलेल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला व त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा सांगण्यांत आली. एका दगडी जोत्याची आठवण राज्यकर्त्यांना किती बोंचूं शकते, याचा हा पुरावाच होय. १९०९ सालीं गड संरक्षित स्मारक ठरला, आणि समाधीवर आज आपण जी छत्री पाहतों ती १९२६ सालीं उभी राहिली.

आतां सांगा, समाधि सांपडली म्हणावयाची ती कोणत्या सालीं? १८६९ सालीं, १८८३ सालीं, १८९५ सालीं, कीं १९२६ सालीं? आमच्याकडे या प्रश्नावरून मोठे वाद होतात. कोणी म्हणतो शोध जोतीरावांचा, कोणी म्हणतो टिळकांचा. आणि वादाच्या भरांत समाधि बाजूला राहून शोधणाऱ्याची जात पुढें येते. माझें मत मी स्पष्ट सांगतों. जोतीरावांचा मान पहिला आहे. ज्या काळीं सभा नव्हती, फंड नव्हता, वर्तमानपत्रांत गाजावाजा नव्हता, त्या काळीं त्यांनीं या राजाचें स्मरण सामान्य शेतकऱ्याच्या दारांत नेऊन ठेवलें. टिळकांनीं त्या स्मरणाला सार्वजनिक कार्याचें रूप दिलें, आणि त्याबद्दल शिक्षेचा धोका पत्करला. एकाचें श्रेय मोठें करण्यासाठीं दुसऱ्याचें पुसावें लागत नाहीं. अमेरिकेचा शोध लागला त्या अर्थानें ही समाधि कोणास "लागली" नाहीं. अनेक हातांनीं, सत्तावन्न वर्षें, थोडी थोडी ती परत मिळविली.

सत्तावन्न वर्षें परत मिळवावयास लागलीं. मग हरवावयास किती लागलीं? हा हिशेब मीं पहिल्यांदा मांडला तेव्हां मी चकित झालों. १८१८ पासून १८६९ पर्यंत अवघीं एक्कावन्न वर्षें होतात. महाराजांच्या निधनाला त्या वेळीं १८९ वर्षें झालीं होतीं हें खरें. परंतु जोतीरावांचा पवाडा निघाला तेव्हां, ज्यांनीं लहानपणीं गडावर मराठ्यांचें निशाण पाहिलें होतें असे म्हातारे कोंकणांत हयात असले पाहिजेत. म्हणजे समाधि हरवली ती शतकांच्या धुळीखालीं हरवली नाहीं. बापानें मुलाला वाट दाखवावयाची राहिली आणि त्या मुलानें आपल्या मुलाला, एवढ्या दोन पिढ्यांत ती हरवली.

आणि येथें मला माझ्या स्वतःच्या गोष्टीकडे वळलें पाहिजे.

मी नव्या मुंबईंत राहतों. या शहराचा पनवेल, खारघर, उलवें हा भाग ज्या जिल्ह्यांत मोडतो त्याचें कुलाबा हें नांव १९८१ सालीं बदलून रायगड असें ठेवण्यांत आलें. म्हणजे आमच्यांतील कित्येकांच्या रोजच्या पत्त्यांतच त्या गडाचें नांव आहे. १९७० नंतर हें शहर वसविण्यासाठीं ठाणें व रायगड जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या जमिनी घेण्यांत आल्या. माझें मूळ गांव त्यांपैकींच, खाडीकांठचें.

माझ्या आजोबांचें दहन गांवाबाहेर खाडीच्या कडेला झालें होतें. त्या जागीं माझ्या वडिलांनीं हातभर उंचीचा एक दगड बसविला होता. त्यावर नांव नव्हतें. आमच्यापैकीं कोणास त्या काळीं तें कोरतां येत नव्हतें. दरवर्षीं सर्वपित्री अमावास्येला वडील विळा घेऊन जात, दगडाभोवतालचें गवत कापीत, पाणी सोडीत आणि परत येत. मलाही बरोबर नेत. वडील गेल्यानंतर पहिलीं दोन वर्षें मी एकटा गेलों. मग माझी बदली दूरच्या शाळेंत झाली. एका वर्षीं परीक्षा आल्या, एका वर्षीं निवडणुकीचें काम आलें, एका वर्षीं पाऊसच थांबेना. मधल्या काळांत त्या बाजूस भराव पडूं लागल्याचें मला कळलें होतें. दगड उचलून दुसरीकडे बसवावा असें मनांत आलें होतें. रविवारीं जाऊं, असें मीं ठरविलें. असे कित्येक रविवार गेले.

पुढें एकदां मी तेथें गेलों, तेव्हां खाडीची कडच जागेवर नव्हती. तिच्या जागीं रुंद रस्ता होता, आणि त्याच्या पलीकडे इमारती होत्या. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून दिशा धरण्याचा प्रयत्न केला. डोंगराचें टोंक ओळखीचें होतें, तें समोर धरून पावलें मोजूं पाहिलीं. परंतु कोठून मोजावयाचीं तेंच ठरेना. आज माझ्या नातवानें विचारलें कीं, "आजोबा, तुमच्या आजोबांची जागा कोणती?" तर मला बोट दाखवितां येणार नाहीं.

यांत दोष कोणाचा? भराव घालणाऱ्या मजुराला तो दगड माझ्या आजोबांचा आहे हें कसें कळावें? ज्याला तें कळत होतें तो एकच माणूस होता, आणि तो रविवारची वाट पाहत होता. त्या दिवशीं रस्त्याच्या कडेला उभें राहून मला सहलींतील ती मुलगी आठवली, आणि "इंग्रजांनीं हरवली" हें माझें उत्तर आठवून लाज वाटली. इंग्रजांनीं गड घेतला, तोफा डागल्या, गडावरची वस्ती उठविली, हें सर्व खरें आहे. त्यांचा दोष मी कमी करूं इच्छीत नाहीं. परंतु गवत कापावयास कोणी गेलें नाहीं, त्याचें उत्तर इंग्रजांकडे नाहीं. तें उत्तर माझ्यासारख्यांकडे आहे.

आज रायगडाला वाट पुसावी लागत नाहीं. लाखों माणसें तेथें जातात. जुलै २०२५ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला त्यांत रायगडही आहे. या गोष्टीचा मला मनापासून आनंद वाटतो. त्या समाधीवर आतां पुन्हां गवत वाढूं दिलें जाणार नाहीं. परंतु प्रत्येक गांवाच्या वेशीवर, देवळामागें, तळ्याच्या कांठीं जे वीरगळ, सतीचे दगड आणि साधीं जोतीं पडलेलीं आहेत, त्यांच्यासाठीं फंड निघणार नाहीं, सभा भरणार नाहीं. त्यांची खूण गांवांतल्या एखाद्या म्हाताऱ्यालाच ठाऊक असते. आणि त्याला ती कोणीं विचारली नाहीं तर ती त्याच्याबरोबर जाते.

म्हणून मी श्रोत्यांना एकच विनंति करितों. आपल्या घरांतील वडील माणसाला बरोबर घेऊन आपल्या गांवची अशी एक जागा पाहून या. ती देवळापासून किती पावलांवर, विहिरीच्या कोणत्या बाजूस, तें कागदावर लिहून ठेवा, आणि कागद घरांतल्या मुलाला वाचून दाखवा. यास पैसा लागत नाहीं. सवडीचा एक दिवस लागतो, आणि तो पुढल्या रविवारावर ढकलूं नये, एवढें मी अनुभवानें सांगतों.

ती विद्यार्थिनी आतां चाळिशी ओलांडलेली गृहिणी असेल, कदाचित् शिक्षिकाही असेल. ती हें भाषण ऐकत असेल तर तिला माझें सांगणें आहे: मुली, तुझा प्रश्न बरोबर होता. देऊळ तेथेंच होतें, समाधि देवळाच्या दारांतच होती. हरवलें होतें तें आपलें जाणें-येणें. गुरुजींना हें त्या दिवशीं ठाऊक नव्हतें.